वाघ राखायचा, तांबेरा रोखायचा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाला विषय मिळाला आहे : ‘संकटग्रस्त मोठा सस्तन प्राणी आणि वनस्पतींवर रोग पाडणारी बुरशी यांची तुलना’. आम्ही वाघ आणि गव्हावरचा काळा तांबेरा घेतला. पण एकीकडे ‘मोठा, उष्ण रक्ताचा, मांसाहारी’ आणि दुसरीकडे ‘सूक्ष्म, परजीवी’ एवढे लिहिले की तक्ता संपतो. तुलना नेमकी कशाची करायची?
— अकरावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : जोडी उत्तम निवडली आहे, पण आकार आणि रक्ताचे रकाने काढून टाका. त्यांतून काही कळत नाही. त्याऐवजी विचारा : हा जीव कशावर जगतो, किती वेगाने वाढतो, एका जागेहून दुसऱ्या जागी कसा पोचतो, आणि एखाद्या ठिकाणाहून नाहीसा झाला तर तिथे परत येतो का? या प्रश्नांना दोघांची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली की तक्ता बोलू लागतो.

आधी नात्याचे बघा. बुरशी झाडांच्या गटातली वाटते, पण उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तेच कीटकांच्या कवचातही असते. साखर ती पिष्टाच्या रूपात साठवत नाही, आपल्यासारखी ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. या नात्याचा थेट परिणाम फवारणीवर होतो. नाते जवळचे असल्याने बुरशी मारणारे पण प्राण्याला न मारणारे औषध शोधायचे तर दोघांतला नेमका फरक पकडावा लागतो. प्रॉपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधे एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या टप्प्यावर घाव घालतात. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते, प्राण्यांच्या पेशीपटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असते.

आता अन्न. वाघ आठवड्याला साधारण एक, म्हणजे वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे मारतो. चितळ, सांबर, रानडुक्कर, गवा यांपैकी जे मिळेल ते त्याला चालते. दरवर्षी पन्नास जनावरे गेली तरी कळप टिकायचा असेल, तर एका वाघामागे सुमारे ५०० खुरी प्राणी जंगलात लागतात. तांबेरा, म्हणजे पक्सिनिया ग्रॅमिनिस, याच्या उलट वागतो. तो मेलेल्या पानावर जगूच शकत नाही. गव्हाच्या जिवंत पेशीत तो शोषकांगे घालतो आणि पेशीला जिवंत ठेवून तिचे अन्न ओढतो. शिवाय गव्हावर वाढणारी त्याची जात गहू, बार्ली आणि मोजकी गवते सोडून कुठे जात नाही.

पुस्तकी नियमाने इतका ठरावीक आहार असलेला जीव आधी संकटात यायला हवा. तसे झाले नाही, कारण त्याचे अन्न आपणच भारतात तीन कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पेरतो. वाघाचे अन्न आणि आसरा मात्र आपण तोडत आलो. तुमच्या तक्त्यात हा रकाना सर्वांत ठळक करा : ‘यजमान किंवा भक्ष्याचे क्षेत्र वाढले की घटले?’

वेगाची आकडेमोड स्वतः करून बघा. वाघीण तीन-चार वर्षांची झाली की पहिल्यांदा विते. गर्भकाळ साधारण साडेतीन महिने, पिल्ले दोन-तीन. ती दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात, त्यामुळे दोन वेतांत दोन-अडीच वर्षांचे अंतर पडते, आणि त्यातली बरीच पिल्ले वयात येण्याआधी मरतात. तांबेऱ्याचा बीजाणू ओल्या पानावर पडल्यापासून दहा-चौदा दिवसांत नवा फोड तयार होतो आणि असा एक फोड दिवसाला सुमारे १०,००० बीजाणू सोडतो. एक हेक्टर गव्हात ३० लाख फुटवे (रोपांना फुटलेली ताटे) धरा आणि प्रत्येक फुटव्यावर फक्त एक फोड. दिवसाचे बीजाणू झाले ३,००० कोटी.

प्रश्न : नागझिऱ्यात वाघिणी बाहेरून आणून सोडाव्या लागल्या. गव्हावरचा तांबेरा मात्र कोणी न आणता येतो. आमच्याकडचा उन्हाळा एवढा कडक, तरी तो शेतात टिकून राहतो का?
— निवृत्त शिक्षक, भंडारा

उत्तर : टिकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मैदानी भागातला तांबेरा संपतो. गहू कापलेला असतो, हिरवे ताट उरत नाही आणि चाळीस अंशांच्या वर बीजाणू तगत नाहीत. म्हणजे महाराष्ट्रातून ही बुरशी दरवर्षी नामशेष होते आणि दरवर्षी परत येते.

ती कुठून येते हे आग्रा कॉलेजचे डॉ. करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिले. युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरीच्या, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांवर आपला लैंगिक टप्पा पूर्ण करतो. भारतात ही झुडपे हिमालयात आहेत, पण इथल्या साथींत त्यांचा वाटा नाही. आपल्याकडे तांबेरा उन्हाळा काढतो तो दक्षिणेत, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. तिथे हवा थंड असते आणि गव्हाचे हिरवे ताट वर्षभर कुठे ना कुठे सापडते. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झाले, तर त्याचे वारे हे बीजाणू उचलून मध्य भारतावर आणतात आणि पाऊस त्यांना खाली पिकावर उतरवतो. वारा, पाऊस आणि कोवळे पीक हे तिन्ही एकाच आठवड्यात जुळावे लागतात. म्हणूनच साथ दरवर्षी येत नाही. १९४६-४७ साली सारे जुळले आणि मध्य भारतातला गहू उद्ध्वस्त झाला.

वाघाचेही स्थानिक नामशेष होणे आपण पाहिले आहे. राजस्थानातले सरिस्का २००५ च्या सुमारास रिकामे झाल्याचे उघड झाले, मध्य प्रदेशातले पन्ना २००९ मध्ये. तिथे वारा कामाला आला नाही. सरिस्कात २००८ मध्ये रणथंभोरहून वाघ नेले. पन्नात २००९ मध्ये बांधवगड आणि कान्हातून वाघिणी व पेंचमधून नर आणला. तो नर पन्नात थांबेना, मूळ जंगलाच्या दिशेने चालत सुटला आणि त्याला माग काढून परत आणावे लागले. नागझिऱ्याचेच बघा. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी तिथे सोडल्या. पुढच्या वर्षी सोडलेली तिसरी मात्र काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झटापटीत मेली. नव्या जंगलात पाणी कुठे, कोणाची हद्द कुठून सुरू होते, हे कळायला वाघाला वेळ लागतो आणि तो वेळ दरवेळी मिळतोच असे नाही.

यातून हाताला लागणारी गोष्ट अशी. दोन्ही जीव तुकड्यातुकड्यांनी पसरलेले आहेत आणि दोघांचे भवितव्य त्या तुकड्यांमधल्या वाटेवर ठरते. वाघासाठी ती वाट उघडी ठेवायची, तांबेऱ्यासाठी तोडायची.

टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला. शेते, नाले, रस्ते ओलांडत नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात राहिला. तिथे त्याला जोडीदारीणच नव्हती. एवढे चालूनही पुढची पिढी शून्य. म्हणून भ्रमणमार्ग म्हणजे नकाशावर काढलेली हिरवी रेघ नव्हे. दोन्ही टोकांना वाघ आणि मध्ये लपण, पाणी व रस्ता ओलांडायची सोय असेल तरच तो मार्ग. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी बांधलेले नऊ पूल आणि भुयारी मार्ग आहेत, लांबी ५० ते ७५० मीटर. कॅमेऱ्यांनी तिथून वाघ जाताना टिपले आहेत. रस्ता होणारच असेल तर त्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरायला हवी. नंतर जोडता येते, या भरवशावर राहू नये.

प्रश्न : वाघांची मोजणी कॅमेऱ्यांनी होते असे वाचतो. शेतात तांबेरा किती आहे हे कसे मोजायचे? आणि किती दिसला की फवारायचे?
— गहू उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : वाघ एकेक करून मोजता येतो, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकच कॅमेरा लावला तर एक वाघ दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. जंगलाचे २ चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून हे काम चालते. २०२२ च्या गणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,०८० वेगवेगळे वाघ त्यांत दिसले. न दिसलेल्यांचा हिशेब धरून देशाचा सरासरी अंदाज ३,६८२ निघाला, महाराष्ट्राचा ४४४. २००६ मध्ये देशाचा हाच अंदाज १,४११ होता.

बुरशीची डोकी मोजता येत नाहीत, तिने व्यापलेली जागा मोजतात. पाहणी करणारे सुधारित कॉब मोजपट्टी वापरतात. तिच्यात एक मेख आहे. पानाचा किंवा खोडाचा ३७ टक्के भाग प्रत्यक्ष फोडांनी झाकला की तिथे ‘१००’ लिहायचे, कारण त्याहून दाट फोड सहसा मावत नाहीत. हे माहीत नसले की नवखा माणूस नेहमी कमी आकडा लिहितो. टक्क्यापुढे झाडाची प्रतिक्रिया लिहितात आणि तिला गुणक असतो : प्रतिकारक ०.२, मध्यम प्रतिकारक ०.४, मध्यम बळी पडणारा ०.८, पूर्ण बळी पडणारा १. समजा मध्यम बळी पडणाऱ्या वाणावर ४० टक्के तांबेरा आहे, तर गुणांक ४० गुणिले ०.८, म्हणजे ३२. त्याच ४० टक्क्यांचा प्रतिकारक वाणावरचा गुणांक ८. नुसत्या टक्क्यांवरून वाण नाकारू नका.

तुम्हाला शेतात एवढे गणित नको. पेरणीनंतर दीड महिन्यापासून दर चार दिवसांनी बांध सोडून आत शिरा आणि पाच ठिकाणी वीस-वीस फुटवे बघा. पाण्याजवळचा, दाट आणि जास्त युरिया पडलेला भाग आधी बघा, तिथे दव उशिरापर्यंत टिकते. बीजाणू रुजायला पानावर सहा-आठ तास ओल लागते. खोडावर आणि खोडाला वेढणाऱ्या पानाच्या भागावर लांबट, विटकरी, साल फाडून वर आलेले फोड असतील तर काळा तांबेरा. पानाच्या वरच्या बाजूला गोल, नारिंगी, विखुरलेले फोड असतील तर पानावरचा तांबेरा. बोट फिरवा. विटकरी किंवा नारिंगी पूड लागली तर तांबेरा, नाही लागली तर तो करपा किंवा अन्नद्रव्याची कमतरता असू शकते. पिवळ्या रेघांचा तिसरा तांबेरा थंड हवेचा, आपल्याकडे त्याची चिंता नको.

पहिले फोड दिसताच मॅन्कोझेब ७५ टक्के, हेक्टरी १,५०० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून फवारा. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघा आणि गरज असेल तर परत फवारा. पण हे औषध पानाच्या पृष्ठभागावरच राहते. ते नवे बीजाणू रुजू देत नाही, आत शिरलेल्या बुरशीला हात लावत नाही. रोग पसरू लागला असेल तर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारे, प्रॉपिकोनॅझोल २५ टक्के, लिटरला १ मिलिलिटर. फवारणी फसते ती बहुधा तीन कारणांनी : पाणी निम्मेच वापरलेले असते, नोझल वरून धरल्याने खोड कोरडे राहते, किंवा पानावर दव असताना फवारल्याने औषध ओघळून जाते. दाण्यात चीक भरून तो घट्ट होऊ लागला असेल तर फवारणीचा खर्च करू नका. तेव्हा नुकसान फारसे वाचत नाही आणि डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व कालावधीही पाळता येत नाही.

यापेक्षा स्वस्त उपाय पेरणीलाच करायचे असतात. बागायती गहू १ ते १५ नोव्हेंबरात पेरा. उशिरा पेरलेला गहू तांबेऱ्याचा जोर चढतो तेव्हा अजून हिरवा आणि कोवळा असतो. नत्र बेताने द्या. आणि वाण निवडताना प्रतिकारक्षमता बघा. तुमच्याच निफाडच्या संशोधन केंद्राने तपोवन, त्र्यंबक यांसारखे वाण दिले आहेत.

प्रश्न : प्रतिकारक म्हणून घेतलेले वाण काही वर्षांनी तांबेऱ्याला बळी का पडते? आणि वाघांतली जनुकीय विविधता कमी होते म्हणतात, ती भानगड याच जातीची का?
— कृषी पदविकेचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : मूळ एकच, दिशा उलट्या.

भारतात काळा तांबेरा बार्बेरीवाचून जगतो, म्हणजे त्याचे प्रजनन अलैंगिक. एकाच वंशाच्या नकला निघत राहतात. मग नवे रूप येते कुठून? प्रचंड संख्येतून. वर काढलेले हेक्टरी ३,००० कोटी बीजाणू घ्या. समजा वाणाच्या प्रतिकारक जनुकाला चकवणारा बदल कोटीत एकाच बीजाणूत होतो. तरी एका शेतात रोज ३,००० असे बीजाणू झाले. आजूबाजूला सगळीकडे तेच वाण असेल तर त्यांतल्या एकाने जम बसवला की पुढचा रस्ता मोकळा.

राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ हे जनुक अनेक देशांत वर्षानुवर्षे टिकले होते. १९९८ मध्ये युगांडात त्याला चकवणारा वंश सापडला, तोच युजी-९९. पुढे तो केनिया, इथिओपिया, सुदान, येमेनमार्गे इराणपर्यंत पोचला. भारतात तो आजवर नोंदला गेलेला नाही, पण हरितक्रांतीचे गहूतज्ज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी वयाच्या नव्वदीत जगाला त्याचा इशारा दिला तो उगाच नव्हे. या वंशाचे शास्त्रीय नाव टीटीकेएसके. वीस ठरावीक गहू-वाणांची रोपे चार-चारच्या पाच गटांत लावतात, त्यांवर नमुना टोचतात आणि ० ते ४ या श्रेणीत फोड बघतात. प्रत्येक गटाच्या निकालाला एक अक्षर, अशी पाच अक्षरे.

वाघाकडे अशी संख्या नाही. त्याच्याकडे चुका पचवायलाही संख्या नाही. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये पट्टे पसरून काळपट झालेले वाघ आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे कारण एकाच जनुकातला बदल असल्याचे दिसले. इतरत्र अतिशय दुर्मीळ असलेला तो बदल तिथे मोठ्या प्रमाणात पसरला, कारण ती टोळी छोटी आणि बाकीच्या वाघांपासून तुटलेली आहे. पर्यटक ते वाघ पाहून हरखतात. आम्हाला त्यात धोक्याची खूण दिसते, कारण रंग डोळ्यांना दिसतो, पण त्याच वाटेने पसरलेले घातक बदल दिसत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे पिढीगणिक निदान एक-दोन नवे वाघ बाहेरून येऊन तिथे प्रजनन करणे.

म्हणजे विविधता वाघाच्या बाबतीत वाघातच हवी, तांबेऱ्याच्या बाबतीत ती आपल्या शेतात हवी. शिवारात वेगवेगळी प्रतिकारक जनुके असलेले तीन-चार वाण असले की चकवणाऱ्या बीजाणूला शेजारच्या शेतात उपाशी राहावे लागते. एसआर-२ सारखी, झाड मोठे झाल्यावर रोगाचा वेग मंदावणारी जनुके एकट्याने रोग थांबवत नाहीत, पण इतरांच्या जोडीला ती फार काळ साथ देतात. गव्हाचे पैदासकार अशी अनेक जनुके एका वाणात गुंफतात.

प्रश्न : इंग्लंडमध्ये एका दुर्मीळ पतंगासाठी बार्बेरीची झुडपे लावताना पाहिली. गव्हाच्या शेतकऱ्यांना हे चालते?
— वाचक, लेस्टर

उत्तर : तुम्ही पाहिले ते संरक्षण आणि रोग समोरासमोर येण्याचे फार महत्त्वाचे उदाहरण आहे. अमेरिकेने १९१८ पासून गव्हाच्या पट्ट्यातली बार्बेरी उपटायची मोहीम काही दशके चालवली आणि कोट्यवधी झुडपे काढली. त्यामुळे तांबेऱ्याचा स्थानिक उगम तर तुटलाच, लैंगिक टप्पा बंद झाल्याने नवे वंश तयार होण्याचा वेगही घटला. ब्रिटनमध्येही शेतकऱ्यांनी बार्बेरी काढली, आणि त्या पानांवरच वाढणारा बार्बेरी कार्पेट हा पतंग संकटात आला. आता त्याच्यासाठी झुडपे परत लावली जातात. २०१३ मध्ये सफकमध्ये गव्हाच्या एका रोपावर काळा तांबेरा सापडला, सुमारे साठ वर्षांत तिथे पहिल्यांदाच. आमचे मत : पतंग वाचवायलाच हवा, पण नवी झुडपे गव्हाच्या शेतांपासून दूर लावावीत आणि जुन्या-नव्या सगळ्या झुडपांची पाने वसंतात तपासावीत. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पेल्यांचे पुंजके दिसले की नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे.

प्रश्न : आमचे शेत बफर क्षेत्राला, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्याला, लागून आहे. गव्हावर बुरशीनाशक फवारले तर वाघाला अपाय होतो का?
— शेतकरी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : शिफारशीच्या मात्रेतल्या फवारणीचा वाघाला धोका नगण्य. औषधाचे पाणी आणि धुतलेले पंप मात्र नाल्यात सोडू नका. ते मासे आणि बेडकांना घातक आहे.

वाघाचा जीव जातो तो कुंपणाच्या तारेत. रानडुकरे अडवायला रात्री तारेत थेट वीजप्रवाह सोडतात, आणि त्यात डुकरामागे आलेला वाघ मरतो, कधी बांधावरून चालणारा माणूसही. हा गुन्हा आहे. सौर कुंपणाचे यंत्र साधारण सेकंदाला एक, क्षणार्धाचा झटका देते. दाब काही हजार व्होल्टचा असला तरी प्रवाह इतका थोडा वेळ असतो की जनावर दचकून मागे फिरते. मात्र यंत्र प्रमाणित हवे, त्याची भू-जोडणी ओल्या जमिनीत खोल हवी आणि तारेला टेकणारे गवत दर पंधरवड्याला कापायला हवे. गवत टेकले की झटका जमिनीत उतरतो, कुंपण निकामी होते, आणि वैतागून लोक पुन्हा घरची वीज जोडतात. बफरमधल्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. ग्राम परिस्थितिकी विकास समितीकडे अर्ज करा.

प्रश्न : तांबेरा जगातून पुसून टाकता आला तर टाकावा का? की बुरशीलाही वाघासारखे संरक्षण असते?
— वाचक, पुणे

उत्तर : बुरशांना संरक्षण हवे असते. वाघाला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या ज्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हटले आहे, तिच्यात २०२५ पर्यंत सुमारे १,३०० बुरशांचे मूल्यमापन झाले आणि त्यांतल्या ४११ धोक्यात असल्याचे दिसले. नामकरण झालेल्या बुरशा दीड लाखांहून अधिक आहेत, म्हणजे बाकीच्यांकडे कोणी पाहिलेलेच नाही. एकाच दुर्मीळ वनस्पतीवर जगणाऱ्या बुरशा त्या वनस्पतीबरोबर गुपचूप जातात.

गव्हाचा तांबेरा त्यांतला नाही. त्याला शेतातून हटवण्यात आम्हाला काडीचा संकोच नाही. पण त्याचे वंश मुद्दाम जिवंत ठेवावे लागतात. सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशभरातून आलेल्या तांबेऱ्याच्या वंशांचा संग्रह आहे, आणि नव्या गव्हाची रोपे तिथे याच बीजाणूंनी टोचून पारखली जातात. महाबळेश्वरचे गहू तांबेरा संशोधन केंद्र आणि निलगिरीतले वेलिंग्टनचे केंद्रही याच कामात आहेत. शेतात नवा, अनोळखी फोड दिसला तर पान कागदी पाकिटात घालून पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजते, सडते, आणि कुजलेल्या पानावरून वंश ओळखता येत नाही. पाकिटावर वाणाचे नाव, गाव आणि तारीख लिहा.